दोन इंजिनांचं जुनं यंत्र हाती घेताना: पहिल्या तपासणीपासून जोडी जुळवण्यापर्यंत

"दोन इंजिनं म्हणजे ताकद दुप्पट ना, भाऊ?" काम शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक पोरगा पहिल्या दिवशी हे विचारतो. मी त्याला शंकरपट आठवायला सांगतो. जोडीतला एक बैल दोन पावलं पुढे निघाला की छकडा तिरपा होतो, जू मानेवर घासतं आणि दोघांचीही धाव मोडते. वखराच्या जोडीचंही तसंच. एक बैल खरा ओढतो, दुसरा नुसता सोबत चालतो, आणि संध्याकाळी खांदा सुजतो तो ओढणाऱ्याचा. जुन्या यंत्रातल्या दोन डिझेल इंजिनांची गोष्ट हीच आहे. जोडी जुळली तर ताकद जवळपास दुप्पट मिळते. नाही जुळली तर एक इंजिन दुसऱ्याला खातं.

आमच्या वणी, वरोरा, उमरेड, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यात आणि धरण-कालव्यांच्या कामांवर अशी यंत्रं येऊन गेली. काही अजून उभी आहेत, कुणाच्या वावरात, कुणाच्या टिनाच्या शेडमागे. असं यंत्र विकत घ्यायचा विचार करणाऱ्यासाठी किंवा त्यावर हेल्पर म्हणून नुकत्याच लागलेल्यासाठी हे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे: दोन्ही इंजिनं आधी एकेकटी बरी करायची, जोडीला हात नंतर लावायचा. बहुतेक नुकसान हा क्रम उलटा केल्याने होतं.

आधी जोडणी ओळखा

दोन इंजिनांची यंत्रं तीन प्रकारची असतात. आपलं यंत्र कोणत्या प्रकारचं हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, कारण एका प्रकारातलं बरोबर काम दुसऱ्या प्रकारात यंत्र मोडतं.

पहिल्या प्रकारात दोन्ही इंजिनांची ताकद एकाच गिअरपेटीत येते. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला शर्मन रणगाडा, त्यातला एम४ए२ हा प्रकार. जनरल मोटर्सचं ६-७१ हे टू-स्ट्रोक (प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटणारं) डिझेल इंजिन १९३८ साली आलं. नावातच त्याचं माप आहे: ६ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणजे सुमारे १.१६ लिटरचा. रणगाड्याला असं एक इंजिन अपुरं पडत होतं. मग हाताशी असलेली ट्रकची दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांची ताकद सामाईक गिअरपेटीत आणली. दोन्ही मिळून २१०० आरपीएमला (मिनिटाला २१०० फेरे) ३७५ अश्वशक्ती मिळत असे. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्लच होता, त्यामुळे एक बंद पडलं तरी रणगाडा दुसऱ्यावर हलत असे. त्या वेगळ्या क्लचचं महत्त्व पुढे येईलच.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक इंजिन आपापली चाकं किंवा आपापला पट्टा फिरवतं. युक्लिड कंपनीचा १९५५ चा टीसी-१२ डोझर असा होता: दोन ६-७१, दोन वेगळे अ‍ॅलिसन ट्रान्समिशन, डाव्या पट्ट्याला डावं इंजिन आणि उजव्याला उजवं. त्याच कंपनीचा टीएस-२४ स्क्रेपर (माती खरवडून पोटात भरून नेणारं यंत्र) मातीकामात फार चालला. पुढे १९६८ नंतर तो टेरेक्स नावाने ओळखला गेला. त्यातल्या २४ चा अर्थ २४ घनयार्ड, म्हणजे सपाट भरली तर सुमारे १८ घनमीटर माती. पुढचं इंजिन ओढतं, मागचं ढकलतं. दोघांच्या मध्ये एकही शाफ्ट नाही. कॅटरपिलरचा ६५७ स्क्रेपरही याच जातीचा. या यंत्रांत जमीन हेच दोन इंजिनांचं जू असतं, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या प्रकारात एक इंजिन गाडी चालवतं आणि दुसरं काम करतं. आपल्याकडे नव्या माणसाच्या हाती बहुधा हाच प्रकार येतो. जुनी बोअरवेलची गाडी पाहा: खाली ट्रकचं इंजिन, वर डेकवर कॉम्प्रेसरचं वेगळं इंजिन. काँक्रीट आणणाऱ्या कितीतरी मिक्सर गाड्यांत ड्रम फिरवायला वेगळं इंजिन असतं. जुन्या ट्रक-क्रेनमध्ये खालची गाडी एका इंजिनावर आणि वरचा बूम दुसऱ्यावर. इथे आरपीएम जुळवायची गरजच नाही, पण डिझेल, बॅटरी, धूळ आणि बंद करण्याची सोय हे सगळे प्रश्न तेच राहतात.

दोन इंजिनं घालण्यामागे त्या काळची अडचण होती. हवं तेवढं मोठं, तरीही आटोपशीर डिझेल इंजिन सहज मिळत नव्हतं, म्हणून असलेलं दुप्पट केलं. स्क्रेपरचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. भरलेल्या मातीचं बरंचसं वजन मागच्या चाकांवर येतं. ती चाकं नुसती घरंगळत ठेवली तर त्या वजनाची पकड वाया जाते. मागे इंजिन दिलं की तेच वजन कामाला लागतं. आपल्या काळ्या मातीत एक पाऊस पडून गेल्यावर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

सौदा करण्यापूर्वी

सरकारी किंवा खाणीवरचं जुनं यंत्र बहुधा लिलावातून निघतं. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात माल 'जिथे आहे, जसा आहे' या अटीवर विकतात. नंतर तक्रार चालत नाही. म्हणून पाहणीचा दिवस चुकवू नका, आणि अटींमध्ये तो माल फक्त भंगार म्हणून विकायला काढला आहे का, हे अक्षर अन् अक्षर वाचा.

कागदाबद्दल एक गैरसमज दिसतो. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, म्हणून आपला जुना लेलँड किंवा टाटा-मर्सिडीज ट्रकही त्यात बसेल असं लोक धरून चालतात. ते नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांच्यासाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यात येत नाही. रस्त्यावर आणायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, पैसे नंतर द्या.

आता इंजिनाकडे. सोबत एक लांब बार, टॉर्च, जुनं धोतर फाडून केलेल्या चिंध्या आणि वही एवढं न्या. पहिलं काम: दोन्ही इंजिनं हाताने फिरवून पाहा. क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांवर बार देऊन हळूहळू पूर्ण दोन फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून दोन. मध्येच अडलं तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. विकणारा "सेल्फ मारून बघा ना" म्हणेल, पण हाताने फिरल्याशिवाय सेल्फ मारू देऊ नका.

मग डिपस्टिक. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलं आहे. शंका असेल तर दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडलं तर पाणी नक्की. ऑइलला डिझेलचा वास आणि पातळी वर चढलेली असेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) किंवा पंप गळतो आहे.

त्यानंतर दोन्ही इंजिनांचे नंबर आणि प्लेटवरची माहिती वहीत उतरवा. दोन्ही इंजिनं खरोखर एकसारखी आहेत का, हे इथे पाहायचं असतं. या एका गोष्टीने माझे तीन आठवडे गेले होते. बाहेरून जुळी दिसणारी दोन इंजिनं होती. मागचं कायम मागे पडायचं. मी लिंकेज (रेस पोहोचवणारे दांडे) बदललं, गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणारा भाग) उघडला, फिल्टर बदलले. शेवटी नोझल काढून शेजारी ठेवले तेव्हा कळलं की कधीतरी कुणीतरी मागच्या इंजिनात वेगळ्या मापाचे बसवले होते. तेव्हापासून नोझल, पंप आणि गव्हर्नरचे नंबर मी पहिल्याच दिवशी लिहितो.

७१ मालिकेतलं इंजिन असेल तर फिरण्याची दिशाही तपासा. ते उजव्या किंवा डाव्या, दोन्ही फिरकीत बांधता येत असे. एका इंजिनाचा सेल्फ किंवा ऑइल पंप दुसऱ्याला बसला म्हणजे तो चालेलच असं नाही.

नावं द्या, रंग द्या

यंत्र घरी आलं की पहिल्या दिवशी हे करा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावं-उजवं, पुढचं-मागचं ठरवा आणि तेच नाव कायम ठेवा. यंत्रासमोर उभं राहून एक माणूस ज्याला डावं म्हणतो तेच सीटवरच्या माणसाचं उजवं असतं, आणि चुकीच्या इंजिनाचं ऑइल सोडलेलं मी पाहिलं आहे. एका इंजिनाला लाल, दुसऱ्याला पिवळा पट्टा मारा. त्याच रंगाचा पट्टा त्याच्या डिझेल पाइपला, वायरींना, चावीला, फिल्टरला आणि सुट्या भागांच्या डब्यालाही. खोललेले भाग एकाच घमेल्यात टाकायचे नाहीत.

हवा आणि पाणी

दोन इंजिनं एकाच उन्हात काम करत असली तरी एकाच हवेत करत नाहीत. स्क्रेपरचं मागचं इंजिन पुढच्या चाकांनी उडवलेली धूळ खातं. बोअरवेलच्या गाडीत डेकवरचं इंजिन दगडाची भुकटी खातं. म्हणून 'दोन्हींचे एअर फिल्टर एकाच दिवशी' हा नियम चुकीचा आहे. मागच्याचा फिल्टर लवकर पाहावा लागतो. जुन्या यंत्रांत बऱ्याचदा ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. वाटीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ दिसला की ती धुवून नवं ऑइल भरा. उन्हाळ्यात धुळीच्या कामावर ही वाटी रोज उघडून पाहायची.

हिवाळ्यात वेगळाच त्रास. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ उभं असलेलं यंत्र रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू ओढून घेतं. त्यावर धूळ बसते आणि वरून नुसती मळकट दिसणारी जाळी आतून नमद्यासारखी बंद होते. हवा मारताना फॅनच्या बाजूने बाहेर मारा. बाहेरून मारली तर कचरा आणखी आत जातो.

पाण्याबद्दल अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. पूर्णा खोऱ्यातलं विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. क्षार आतल्या भिंतीवर बसतात आणि दोन महिन्यांत इंजिन कारण नसताना तापू लागतं. खडकाळ भागातल्या बोअरच्या जड पाण्याचंही तेच. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आणि कूलंट, बस.

आपल्याकडे इंजिन तापलं की थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान आवरणारी झडप) काढून फेकायची सवय आहे. ती सोडा. दोन इंजिनांच्या यंत्रात एकाचा थर्मोस्टॅट काढला की ते थंड आणि दुसरं गरम चालतं, आणि दोन वेगळ्या तापमानांची इंजिनं कधीच सारखी ओढत नाहीत. तापमान मोजायची बंदूक घ्या. दोन्ही इंजिनांवर तीच जागा ठरवा, थर्मोस्टॅटच्या घराजवळची, आणि तिथलाच आकडा लिहीत जा. नवतपात सावलीतच ४५ अंश असतं तेव्हा इंजिनाजवळ चूक खपवून घ्यायला जागाच उरत नाही.

डिझेल

टाकी एक असो की दोन, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा कॉक, स्वतःचा पाणी गाळणारा आणि स्वतःचा फिल्टर हवा. एका टाकीतून पुढे फाटा काढून दोन इंजिनांना दिलेला पाइप दिसला तर तो आधी वेगळा करा. अशा जोडणीत एका बाजूच्या ढिल्या नटातून शिरलेली हवा दुसरं इंजिन बंद पाडते आणि मिस्त्री निर्दोष इंजिन खोलत बसतो.

परतीच्या पाइपकडे कुणाचं लक्ष जात नाही. ६-७१ सारख्या इंजिनात बरंचसं डिझेल नोझल थंड करत फिरून टाकीत परत येतं, आणि ते गरम होऊन येतं. टाकी पाव भरलेली असेल तर दुपारपर्यंत सगळं डिझेल तापतं, पातळ होतं आणि ओढ कमी होते. मे महिन्यात दुपारी 'इंजिन मेलं' वाटलं तर खोलण्याआधी टाकीला हात लावून पाहा आणि ती भरा.

जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि काळी बुरशी असतेच. टाकी काढून धुवा. आताच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये जुनी रबरी सीलं आकसून पाझरू लागतात, तेव्हा सगळ्या ओ-रिंग एकदा नव्या टाकणं स्वस्त पडतं.

डिझेलच्या पाइपांत अडकलेली एअर काढताना क्रम ठेवा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून सरळ धार आली की आवळा. आणि हे फार गांभीर्याने सांगतो: चालत्या इंजिनाच्या नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. ती धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखी जखम दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात जाण्यापर्यंत वेळ येते. असं झालं तर हळद लावून बसू नका. तडक दवाखान्यात जा आणि 'दाबाने डिझेल आत शिरलं' असं स्पष्ट सांगा.

वायरिंग

प्रत्येक इंजिनाचं वायरिंग स्वतंत्र ठेवता आलं तर उत्तम. बॅटरी सामाईक असेल तर मुख्य स्विच असा लावा की तो सीटवरून हाताला येईल. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, २४ व्होल्टच्या यंत्रात दोन मिळून २५.२. यापेक्षा बरीच खाली असेल तर सेल्फ मारण्याआधी चार्ज करा.

दोन इंजिनांच्या यंत्राचा खास अपघात इथे होतो. एक चालू असतं, त्याच्या आवाजात दुसरं चालू झालं की नाही हे कळत नाही, आणि माणूस चालू इंजिनाचाच सेल्फ पुन्हा दाबतो. कर्रर्र असा आवाज येतो आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते उडतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक इंजिनाच्या सेल्फ बटणाशेजारी त्याच इंजिनाच्या ऑइल प्रेशरचा दिवा लावा, त्याच रंगाच्या पट्ट्यासह. दिवा विझलेला म्हणजे इंजिन चालू, बटणाला हात नाही. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून यंत्र काही दिवस उभं असेल तर सेल्फ मारण्याआधी दिवे लागतात का तेवढं पाहून मगच पुढे जा.

पहिला स्टार्ट, एकेकट्याने

दोन्ही इंजिनं एका दिवशी चालू करायचा मोह टाळा. एक आज, दुसरं उद्या.

सुरुवातीला बंद करण्याची तयारी, चालू करण्याची नंतर. डिझेल कॉक सहज फिरतो का? पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) हाताने मागे-पुढे मोकळा सरकतो का? वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रॅक अडकतो, आणि पूर्ण डिझेलवर अडकला असेल तर इंजिन सुटतं, म्हणजे आवरेनासं पळतं. जुन्या टू-स्ट्रोक जीएममध्ये यासाठी ब्लोअरच्या तोंडाशी हवा बंद करणारी झडप असते. ती हाताने पाडून पाहा, खरंच बंद होते का. झडप नसेल तर हवेच्या तोंडापेक्षा मोठी, जाड प्लायवूडची फळी हाताशी ठेवा. सुटलेलं इंजिन डिझेल तोडून थांबेलच असं नाही, कारण ते स्वतःचं ऑइलही जाळत असतं. हवा तोडली की थांबतं. हात किंवा कपडा त्या तोंडाजवळ कधीही नेऊ नका. आग विझवायचं सिलिंडर जवळ असावं आणि बघ्यांना, विशेषतः पोट्ट्यांना, फॅन आणि बेल्टच्या रेषेतून दूर करा.

ऑइल कोणतं? जुन्या टू-स्ट्रोक जीएमला सरळ ४० ग्रेडचं, टू-स्ट्रोक डिझेलसाठीचं ऑइल लागतं. ट्रकचं आजचं मल्टिग्रेड त्यात घालू नका. बाकी इंजिनांना प्लेट किंवा पुस्तकात जे लिहिलं असेल ते.

डिझेल बंद ठेवून सेल्फने थोडं थोडं फिरवा, ऑइल प्रेशर हलेपर्यंत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये विश्रांती द्या. मग डिझेल उघडून स्टार्ट करा. दहा-पंधरा सेकंदांत ऑइल प्रेशर आलं नाही तर बंद, कोणी काहीही म्हणो. आलं तर स्लोवर ठेवा आणि धूर वाचा. सुरुवातीचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा, इंजिन तापलं की जातो. तापल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट पाहा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रिकाम्या इंजिनाचा काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल खराब.

अर्धा तास चालवून वहीत पाच आकडे लिहा: स्लोचा आरपीएम, टॉप रेसचा आरपीएम, गरम असताना स्लोवरचं आणि रेसवरचं ऑइल प्रेशर, आणि ठरलेल्या जागेचं तापमान. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या इंजिनाचे हेच पाच आकडे शेजारी लिहा. या दोन रकान्यांत मोठी तफावत असेल तर जोडी लावायची वेळ आलेली नाही.

जोडी जुळवणं

हे काम मला सगळ्यांत आवडतं, कारण इथे कानाला काम आहे.

लिंकेजपासून सुरू करा. सीटवरचा पेडल किंवा लीव्हर पूर्ण सोडल्यावर दोन्ही पंपांचे लीव्हर आपापल्या स्लोच्या टेकणीला (लीव्हर जिथे अडून थांबतो तो स्क्रू) लागले पाहिजेत, आणि पूर्ण दाबल्यावर दोन्ही एकाच क्षणी टॉपच्या टेकणीला. झिजलेली क्लेविस पिन आणि ढिली बॉल जॉइंट बदलल्याशिवाय हे जमत नाही. मागच्या इंजिनाचा रॉड किंवा केबल लांब असते, तिथे ढिलाई जास्त साचते.

मग आरपीएम. दूरून मोजणारा डिजिटल टॅकोमीटर आणि पुलीवर चिकटवलेली चमकती पट्टी पुरते. दोन्ही स्लो सारखे करा, टॉप सारखे करा. यंत्रावरच्या जुन्या घड्याळांवर भरवसा ठेवू नका.

यापुढे कान. दोन्ही इंजिनं सारख्या सिलिंडरची असतील तर मध्यम रेसवर एकत्र चालवा आणि थोडं दूर उभे राहा. आवाज वाढतो-कमी होतो, वाढतो-कमी होतो, हेलकाव्यासारखा. वेग जितका जवळ येईल तितका हेलकावा लांबत जातो. याचं गणित साधं आहे. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेटतं. दोन इंजिनांत २० आरपीएमचा फरक असेल तर मिनिटाला ६०, म्हणजे सेकंदाला एक हेलकावा. सहा सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये तेवढ्याच हेलकाव्याला फरक फक्त १० आरपीएम. हेलकावा तीन-चार सेकंदांवर गेला की तुमची जोडी अनेक घड्याळांपेक्षा नेमकी जुळली.

पहिल्या प्रकारच्या, एका गिअरपेटीच्या यंत्रात एवढ्यावर थांबू नका. इथे गव्हर्नरचा उतार, म्हणजे लोड आल्यावर वेग किती खाली येतो ते, समजून घ्यावा लागतो. समजा प्रत्येक इंजिन रिकामं १८०० वर चालतं आणि पूर्ण लोडवर १७०० वर येतं. आता एकाचा टॉप चुकून १८५० वर लावला, त्याचा उतारही १०० चाच. दोन्ही एकाच दांड्यावर, म्हणून वेग एकच. दांडा १७५० वर आला की १८०० वालं इंजिन अर्ध्या लोडवर असतं आणि १८५० वालं पूर्ण लोडवर. फक्त ५० आरपीएमची चूक, आणि एक बैल दुप्पट ओढतो आहे. रिकाम्या रेसवर ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरी परीक्षा डिझेलने घ्या. दोन्ही इंजिनांना तात्पुरते वेगवेगळे, खुणा केलेले कॅन जोडा आणि परतीचे पाइपही त्याच त्या कॅनमध्ये सोडा. अर्धा तास नेहमीचं काम करा आणि कोण किती प्यालं ते पाहा. जास्त पिणारं ओढतं आहे, कमी पिणारं सोबत चालतं आहे. टॉपच्या टेकणीचा स्क्रू पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजणी. दोन-तीन वेळा केलं की आकडे जवळ येतात. वाडवडिलांकडे गव्हर्नर नव्हता, पण जोडीतल्या कमजोर बैलाला जुवावर थोडी सवलत देण्याची कला होती. हे तेच काम आहे.

बेल्टने दोन पंप-इंजिनं एका दांड्याला जोडलेली जोडणीही पाहायला मिळते. तिथे बेल्ट घसरून दोष लपतो. वारंवार एकाच बाजूचा बेल्ट जळत असेल तर बेल्टची कंपनी बदलू नका, आरपीएम मोजा.

स्क्रेपरसारख्या दुसऱ्या प्रकारात मध्ये टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून ताकद पुढे देणारा भाग) असल्यामुळे थोडा फरक चालून जातो. तिथे चूक टायरवर दिसते. भरताना मागची चाकं फिरून जागेवर खड्डा करत असतील तर मागच्याला रेस जास्त मिळते आहे. वळणावर किंवा उतारावर पुढचं धीमं होत असताना मागचं ढकलत राहिलं तर यंत्र मधोमध दुमडू शकतं. म्हणून नव्या माणसाने पहिला आठवडा रिकाम्या यंत्रावर, सपाट जागी मागच्या इंजिनाचा पेडल सोडायची सवय करावी.

एकच इंजिन चालत असेल तेव्हा

पहिल्या प्रकारात बंद पडलेल्या इंजिनाचा क्लच पूर्ण सुटला आहे याची खात्री करा. नाहीतर चालू इंजिन त्याला ओढत फिरवतं, आणि ते बेअरिंगमुळे बंद पडलं असेल तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

दुसऱ्या प्रकारात धोका लपलेला असतो. अ‍ॅलिसनसारख्या ट्रान्समिशनचा ऑइल पंप इंजिनावर फिरतो. मागचं इंजिन बंद आणि यंत्र पुढच्यावर चाललं की मागची चाकं ट्रान्समिशनला आतून फिरवतात, पण तिथे ऑइल पोहोचत नाही. शेडपर्यंत नेण्याच्या नादात चांगलं ट्रान्समिशन जळतं. दूर न्यायचं असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट आधी सोडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोअरवेलच्या गाडीत दोन्ही इंजिनं बंद करायची सोय ड्रिलिंग करणाऱ्याच्या हाताशी हवी. डेकवरचं बंद केल्यावर होज पाइपमधला दाब शून्य झाल्याशिवाय कुठलीही जोडणी सोडू नये.

वही आणि पावसाळा

दोन इंजिनांचे तास सारखे भरत नाहीत, त्यामुळे ऑइल बदलही एकाच तारखेला येत नाही. वहीत दोन रकाने ठेवा: तास, ऑइल, फिल्टर, आणि ते पाच आकडे महिन्यातून एकदा. इंजिन बिघडण्याआधी त्या आकड्यांत दिसू लागतं.

बंद करताना दोन्ही इंजिनं तीन ते पाच मिनिटं स्लोवर चालवून मग बंद करा. टर्बो असेल तर हे कधीच चुकवू नका.

मृगाचा पाऊस लागायच्या आधी टाक्या काठोकाठ भरा, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, आणि त्या डब्याची आठवण राहावी म्हणून चावीला लाल चिंधी बांधा. बॅटरीच्या तारा सोडा. पावसाळ्यात दर आठवड्याला दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करण्याची पद्धत वाईट आहे. तेवढ्यात इंजिन तापत नाही आणि ओल ऑइलमध्ये जमते. चालवायचंच तर दोन्ही इंजिनं पूर्ण तापेपर्यंत, किमान अर्धा तास चालवा. तेवढा वेळ नसेल तर स्टार्ट करू नका. पंधरा दिवसांतून एकदा डिझेल बंद ठेवून बारने दोन फेरे फिरवा, आधी पुढचं, मग मागचं, आणि वहीत तारीख टाका.